गल्लीतली कुत्री आणि आपला उन्हाळा

(नांदेडमध्ये युवकांच्या एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



या अभ्यासवर्गाच्या मुलांनी फोन करून विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, कुत्र्यांवर बोलते. पलीकडे जरा शांतता पसरली. मग एकाने भीतभीत विचारलं, "आपा, म्हणजे राजकारणावर का?" म्हटलं, नाही रे बाबा. खऱ्याच कुत्र्यांवर. चार पायांची, आपल्या गल्लीत राहतात ती.

इथे शिक्षणावर बोलणं होतं, वक्फवर होतं, संविधानावर होतं, आणि ते व्हायलाच हवं. पण मे महिन्यात दुपारी एक वाजता आपल्या कुठल्याही मोहल्ल्यात चक्कर मारा. दुकानांची शटर अर्धी खाली, लेकरं घरात कोंडलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. दिसलंच तर टँकरची वाट बघत ड्रमवर बसलेलं एखादं माणूस, आणि कुणाच्या तरी कूलरमधून ठिबकणाऱ्या पाण्यात पोट टेकून पडलेलं कुत्रं. आज त्या दोघांविषयी बोलायचं आहे.

माझं माहेर लातूर, सासर नांदेड. शाळेत विज्ञान शिकवते. लातूर पठारावर आहे, संध्याकाळी जरा वारा सुटतो. इथे गोदावरीच्या काठाला रात्री अकरा वाजताही भिंतीला हात लावला की चटका बसतो. पण पाण्याच्या बाबतीत मला जे कळलं ते लातूरने शिकवलं.

तुमच्यातले बरेच जण २०१६ मध्ये लहान असतील. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्च महिन्यात लातुरात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावली होती, १४४ कलम. पाण्यासाठी माणसं एकमेकांच्या अंगावर जाऊ नयेत म्हणून. मग मिरजेहून रेल्वेने पाणी आणायचं ठरलं आणि १२ एप्रिलच्या पहाटे पहिली गाडी आली. दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या. 'जलदूत' हे नाव तुम्ही ऐकलं असेल. टीव्हीवाल्यांनी गाडीचे फोटो काढले. गल्लीत काय चाललं होतं त्याचे फारसे कुणी काढले नाहीत. आमच्या गल्लीत घराघरासमोर निळे ड्रम होते आणि ड्रमच्या झाकणाला कुलूप होतं. खरंच कुलूप. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी संडासाला. अंघोळ एक दिवसाआड, तीही परातीत उभं राहून, म्हणजे खाली साठलेलं पाणी पुन्हा वापरता येईल.

त्या मे महिन्यात मी सुट्टीला माहेरी गेले होते. गल्लीत एक तांबूस रंगाची कुत्री होती, लेकरं तिला लाली म्हणायची. शेजारच्या जिन्याखाली तिची तीन पिल्लं. आमच्या ड्रमच्या तोटीतून थेंब थेंब गळायचं, त्याखाली अम्मीने तांब्या ठेवलेला असायचा. एका दुपारी मी दार उघडलं तर लालीचं तोंड तांब्यात. मी केरसुणीच्या मागच्या बाजूने तिला हाणलं. ती ओरडलीसुद्धा नाही. दोन पावलं मागे सरकली आणि तिथेच उभी राहिली, जीभ बाहेर, धापा टाकत, तांब्याकडे बघत. मी खडा उचलला तेव्हा गेली. तांब्यातलं उरलेलं पाणी मी नालीत ओतलं आणि तांब्या मातीने घासला. रोजच्या हिशोबात दोन तांबे वाया गेले म्हणून माझी चिडचिड झाली, ती वेगळीच.

दुसऱ्या दिवशी असरच्या सुमाराला लेकरांनी हाक मारली. लाली कोरड्या नालीत पडली होती, मेलेली. पिल्लं तिच्या पोटाला चिकटून.

अम्मीला मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती म्हणेल, नापाक झालं होतं, तू बरोबर केलंस. माझी अम्मी तहारतच्या बाबतीत फार कडक होती, सगळी गल्ली तिला ओळखून होती. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मेरे हिस्से का एक लोटा था ना. मेरेकू बोलना था." एवढंच. नंतर उठली आणि जिन्याखाली पिल्लांसाठी एक जुनं टमरेल भरून ठेवून आली. दोन पिल्लं जगली.

त्या वर्षी ७ जूनला रोजे सुरू झाले. पहिल्याच दिवशी दुपारनंतर माझी जीभ टाळूला चिकटली. मला माहीत होतं की सात वाजता समोर पाणी येणार आहे. बाकीचं तुम्हाला सांगत नाही.

आता विज्ञानाची बाई म्हणून थोडं बोलू द्या. आपल्याला घाम येतो, सगळ्या अंगाला. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांना. त्याचं अंग थंड होतं ते धापा टाकून, म्हणजे जीभ, तोंड आणि श्वासाच्या वाटेवरचं पाणी वाफ होऊन. याचा अर्थ असा की थंड व्हायचं तर आत पाणी असावं लागतं. पाणी नसेल तर धाप चालू राहते आणि कुत्रं आतून वाळत जातं. त्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस, आपल्यापेक्षा जरा जास्तच. ४१ च्या वर गेलं की उष्माघात. आपल्याकडे हवाच ४२-४३ असते आणि डांबर तर त्याहून कितीतरी तापलेलं. हाताची पाठ डांबरावर टेकवून बघा, पाच सेकंद टिकते का. म्हणूनच ती दुपारी गाडीखाली, नालीत, रांजणाच्या ओल्या मातीत, कूलरखाली शिरतात. आपण त्याला घाण म्हणतो. त्यांच्यासाठी ती तेवढीच गार जागा असते.

उष्माघात झालेलं कुत्रं कसं ओळखायचं? लाळ घट्ट आणि चिकट होते, हिरड्या लालभडक होतात, उलटी होते, चालताना झोकांड्या जातात. पण सावध राहा. लाळ आणि झोकांड्या पिसाळलेल्या कुत्र्यातही दिसतात. म्हणून अनोळखी कुत्र्याला हात लावायला जाऊ नका. लांबून मगने साधं पाणी पोटावर, जांघेत, पंजांवर पडेल असं टाका. बर्फाचं नको. तोंडात जबरदस्तीने ओतायचं नाही, श्वासनलिकेत जातं. सावली करा, भांडं जवळ सरकवा आणि बाजूला व्हा. लेकरांना लांब ठेवा.

आणखी एक गैरसमज इथेच मोडते. "कुत्रं पाणी पितंय, म्हणजे पिसाळलेलं नाही," असं आपल्याकडे छातीठोक सांगतात. रेबीजमध्ये पाण्याची ती भयंकर भीती माणसाला होते. कुत्र्याला तशी होतेच असं नाही. पिसाळलेलं कुत्रं पाण्याच्या भांड्यात तोंड घालू शकतं. त्यामुळे पाणी पिताना पाहिलं म्हणून निर्धास्त व्हायचं नाही.

आता तुमच्या मनातला प्रश्न. "आपा, हे सगळं ठीक आहे, पण कुत्रं नापाक आहे ना?"

मी आलिमा नाही. जे वाचलंय आणि विचारलंय ते सांगते. यावर आपल्या इमामांचंही एकमत नाही. मालिकी मतानुसार कुत्रं नापाक नाही. शाफई मतानुसार सगळंच नापाक. हनफी मतात नापाक आहे ती लाळ. कोकणातले आपले लोक बहुतेक शाफई, आपण मराठवाड्यातले बहुतेक हनफी. म्हणजे एकाच महाराष्ट्रात दोन मतं शेजारी शेजारी नांदतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. भांड्याला तोंड लावलं तर ते धुवायचं, हे हदीसमध्ये आहे. पण भांडं धुवा असं सांगणं आणि कुत्र्याला केरसुणीने हाणा असं सांगणं, यांत मी त्या दुपारी फरक केला नाही.

तहानलेल्या कुत्र्याची हदीस तुम्ही सगळ्यांनी ऐकलीय. वाटेत तहानलेला एक माणूस विहिरीत उतरून पाणी पितो. वर येतो तर एक कुत्रं तहानेने ओली माती चाटतंय. तो परत विहिरीत उतरतो, चामड्याच्या मोज्यात पाणी भरतो, मोजा दातात धरून वर चढतो आणि कुत्र्याला पाजतो. अल्लाह त्याला माफ करतो. ही बुखारीत आहे. अशीच एका बदनाम बाईचीही आहे. मी ही गोष्ट मदरशात किती वेळा ऐकली असेल! बक्षिसाच्या वक्तृत्व स्पर्धेत सांगितली आहे. पहिला नंबर आला होता. आणि तरी २०१६ मध्ये माझ्या हातात केरसुणी होती. म्हणजे गोष्ट पाठ होती, पण आमच्या गल्लीतली लाली त्या गोष्टीतलं कुत्रं आहे हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

जुम्म्याला सूरह कहफ वाचता ना? गुहेत झोपलेल्या त्या तरुणांबरोबर त्यांचं कुत्रं आहे, उंबऱ्यावर पुढचे पाय पसरून बसलेलं. लोक त्यांच्या संख्येवर वाद घालतात तेव्हा प्रत्येक मोजणीत कुत्रं धरलेलं आहे. शिकवलेल्या कुत्र्याने धरून आणलेली शिकार हलाल आहे हेही कुरआनमध्ये आहे. आणि लांब कशाला, लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यात जानवळ नावाचं गाव आहे, तिथली कारवान कुत्री, आपण ज्यांना करवानी म्हणतो ती, शिकारीसाठी नावाजलेली. उंच, सडपातळ, वाऱ्यासारखी पळणारी. तसल्या कुत्र्याची किंमत विचारताना आपल्याकडच्या लोकांना नापाकी आठवत नाही. गल्लीतलं फुकट असतं, म्हणून आठवते की काय कोण जाणे.

शाळेत आमच्या मराठीच्या बाई पैठणच्या एकनाथांची गोष्ट सांगायच्या. काशीहून कावडीने आणलेलं, रामेश्वराला वाहायचं गंगाजल त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. मी तेव्हा हात वर करून सांगितलं होतं की बाई, आमच्याकडेही अशीच गोष्ट आहे, पण त्यात कुत्रं आहे. बाईंनी मला पुढे बोलावून ती सगळ्या वर्गाला सांगायला लावली. पैठणही गोदावरीवरच आहे. तेच पाणी खाली नांदेडला येतं.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर मी बेइमान ठरेन.

नांदेडला माझ्या वर्गात एक मुलगा होता, सहावीतला. तीन दिवस लंगडत होता. विचारलं तर म्हणाला, पडलो. मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन पँटचा पाय वर करायला लावला, तर पोटरीवर दातांच्या दोन खुणा. पिल्लाशी खेळत होता, त्याने धरलं. घरी का सांगितलं नाहीस? तर म्हणे, "अम्मी मारेल. कपडे नापाक झाले म्हणेल." मी विचारलं, मग तू काय केलंस? "पँट धुतली, मिस. सात वेळा."

जखम धुतली नव्हती.

मला त्या क्षणी घाम फुटला. या लेकराला आपण कुत्र्याविषयी एकच गोष्ट शिकवली होती आणि त्याने ती मन लावून पाळली होती. पँट स्वच्छ होती. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसं रेबीजने मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांतला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाटा भारताचा. संशयित जनावराने चावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात. बहुतेक मुलं अशीच, खेळता खेळता, आणि बरीचशी घरी न सांगणारी.

त्याच्या घरी गेले. त्याची अम्मी रडायला लागली, मग तिने मिरचीपूड आणली. दादीचं म्हणणं, जखमेत मिरची भरली की विष उतरतं. मी हात धरला. नळाला त्या दिवशी पाणी नव्हतं. चाव्यानंतर लगेच साबण लावून धावत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची असते. पुस्तकात लिहायला सोपं आहे. मराठवाड्यात मे महिन्यात पंधरा मिनिटं धावतं पाणी आणायचं कुठून? आम्ही शेजारून दोन बादल्या आणल्या. एकाने मगने धार सोडायची, दुसऱ्याने साबण चोळायचा, घड्याळ लावून. उशीर झाला होता तरी धुतली, कारण उशिरा धुणं हे न धुण्यापेक्षा बरं. मग सरकारी दवाखाना. तिथे लस फुकट मिळते. दंडात, त्वचेत देतात. पोटात चौदा इंजेक्शनं हा जुना काळ झाला, त्या भीतीने अजून लोक जात नाहीत. ० दिवस, ३, ७ आणि २८. रक्त आलेली, खोल जखम असेल तर त्याबरोबर जखमेच्या जागी इम्युनोग्लोब्युलिन द्यावं लागतं, कारण लसीचा परिणाम व्हायला दिवस लागतात आणि तोवर संरक्षण हवं असतं. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं, पण लस त्यासाठी थांबवायची नाही. ते पिल्लू आम्ही शोधलं. सापडलं नाही. त्यामुळे अठ्ठावीस दिवस मी आणि त्याची अम्मी कशा झोपलो ते आम्हालाच माहीत. मुलगा आज बारावीत आहे, उंच झालाय, रस्त्यात भेटला की सलाम करतो.

म्हणून जेव्हा कुणी म्हणतं की तुम्हा कुत्रेवाल्यांना लेकरांची पर्वा नाही, तेव्हा मला राग येत नाही. फजरला काठी घेऊन निघणारे म्हातारे चाचा मला दिसतात. ट्यूशनहून येताना गल्लीच्या तोंडाशी थबकलेली मुलगी दिसते. ती भीती खोटी नाही. उन्हाशीही तिचा संबंध असू शकतो. अमेरिकेतल्या आठ शहरांतल्या जवळपास ७० हजार चाव्यांच्या नोंदींचा २०२३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात जास्त उष्णतेच्या दिवशी चावे थोडे वाढलेले दिसले. माणसं असोत की कुत्री, उकाड्यात डोकं फिरतंच, हे सांगायला आपल्याला अमेरिकेची गरज नव्हती म्हणा.

मग आम्ही गल्लीत काय केलं?

आधी पाणी. कुंभारवाड्यातून मातीचे सहा परळ आणले. जड, पसरट, कुत्र्याने पाय दिला तरी उलटत नाहीत. स्टीलचं भांडं उन्हात तापतं आणि दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडे जातं, अनुभवाने सांगते. पहिल्याच आठवड्यात एक चाचा रोज सकाळी परळ पालथा घालू लागले. मुलं चिडली, भांडायला निघाली. मी म्हटलं, आधी विचारा तरी. विचारल्यावर कळलं, त्यांच्या नातीला दोन वर्षांपूर्वी कुत्रं चावलं होतं आणि आम्ही परळ बरोबर त्यांच्या फाटकासमोर ठेवला होता. चूक आमचीच होती. परळ दहा पावलं पुढे, ट्रान्सफॉर्मरपलीकडच्या लिंबाखाली नेला. दुसरी हरकत एका डॉक्टर बाईंची होती: साठलेलं पाणी म्हणजे डास, डास म्हणजे डेंग्यू. अगदी बरोबर. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात. रोज सकाळी पाणी झाडाला ओतून, परळ काथ्याने घासून, नवं पाणी भरलं की प्रश्न मिटला. घासायचं काम मुलांनी वाटून घेतलं. घरातलं भांडं वेगळं, परळाचा मग वेगळा, त्यामुळे घरच्या बायकांचीही तक्रार राहिली नाही. पिण्याचं पाणीच लागतं असं नाही, भाजी धुतलेलंही चालतं, फक्त साबणाचं नको. मुहर्रममध्ये सबील लावताना आपण करबलाची तहान आठवतो. आमच्या मुलांनी त्या लिंबाखालच्या परळालाच सबील म्हणायला सुरुवात केली. मौलानांच्या कानावर गेलं, ते हसले, काही बोलले नाहीत.

मग खाणं. वाटेल तिथे, दारोदार टाकायचं नाही. एक जागा, एक वेळ, आणि खाऊन झालं की जागा झाडायची. उरलेली बिर्याणी टाकू नका. कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो आणि शिजवलेल्या कोंबडीच्या हाडांचे अणकुचीदार तुकडे होतात, आतडं फाटतं. साधा भात, पोळी, अंडं बास झालं.

आणि तिसरं, जे केल्याशिवाय पहिली दोन करूच नयेत असं माझं मत आहे: लस आणि नसबंदी. भाद्रपदातली कुत्री म्हणून आपण थट्टा करतो, पण त्या थट्टेत हिशोब आहे. भाद्रपदात माजावर आलेली कुत्री साधारण ६३ दिवसांनी, कार्तिकाच्या सुमाराला विते, आणि उन्हाळ्यात तीच पाच-सहा महिन्यांची पोरं रस्त्यावर पाणी शोधत फिरतात. आमच्या गल्लीत मोजली तर अकरा कुत्री निघाली. रोज पाणी-भाकरी देणाऱ्या मुलांच्या हाताला ती ओळखीची झाली होती, म्हणून पशुवैद्य आले तेव्हा नऊ सहज धरता आली. पळून गेलेली दोन दुसऱ्या खेपेला. हे लक्षात घ्या, परळाशिवाय ती लस टोचताच आली नसती. एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते असं तज्ज्ञ मानतात. नसबंदीचं काम नियमाने महापालिकेचं. अर्ज दोनदा द्यावा लागला, पण झालं. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते, ती बघायला शिका. लातूरकडच्या मुलांनी लक्षात ठेवावं की उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या लोकांशी ओळख करून घ्या.

काही मुलं म्हणतात, एवढा खटाटोप कशाला, गाडीत घालून लांब सोडून या. एक तर ते बेकायदा आहे. दुसरं, जागा मोकळी झाली की पलीकडच्या गल्लीतली, लस नसलेली कुत्री येतात. आणि असं मोठ्या प्रमाणावर करून बघितलेलं एक शहर आहे. इस्तंबूल. तिथे शतकानुशतकं मोहल्ल्यातली माणसं कुत्र्यांना पोसत होती. १९१० मध्ये शहर आधुनिक दिसावं म्हणून सरकारने हजारो कुत्री पकडून मार्मरा समुद्रातल्या एका खडकाळ, ओसाड बेटावर नेऊन सोडली. चारी बाजूंनी पाणी, पिण्याजोगं एक थेंब नाही. ती तहानेने आणि भुकेने मेली. त्यांचं विव्हळणं वाऱ्याबरोबर शहरात ऐकू यायचं असं सांगतात. पुढे शहरावर संकटं आली तेव्हा लोक म्हणायचे, ही त्या कुत्र्यांची हाय लागली. मी हाय वगैरे मानत नाही. पण ते बेट वाचल्यापासून मला उन्हाळ्यात अधूनमधून आठवतं. तुर्कस्तानात २०२४ मध्ये रस्त्यावरची कुत्री पकडून निवाऱ्यात नेण्याचा नवा कायदा झाला आणि तिथे पुन्हा तोच वाद पेटला.

आपल्या कायद्याचं थोडक्यात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा ठरवायची तरतूद आहे: मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून, ये-जा करण्याच्या दारापासून लांब. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ ला सांगितलं की नसबंदी आणि लस झालेली कुत्री त्यांच्याच भागात परत सोडावीत, पिसाळलेली आणि आक्रमक सोडून; आणि खायला घालायचं ते ठरवलेल्या जागीच, रस्त्यावर कुठेही नाही. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं, क्रीडा संकुलं इथली कुत्री हलवून निवाऱ्यात न्यायला आणि पुन्हा तिथे न सोडायला सांगितलं. यावर प्राणीप्रेमी नाराज झाले. मी शिक्षिका आहे, माझं मत सांगते: शाळेच्या आवारात मी परळ ठेवणार नाही. सहावीतला तो मुलगा मी विसरलेले नाही. पण निवारा म्हणजे कुंपण घातलेलं दुसरं ओसाड बेट होऊ नये, तिथे पाणी आहे का हे बघायला कुणी जातं का, हा प्रश्न नागरिक म्हणून आपण विचारलाच पाहिजे. संविधानाच्या ५१ अ कलमात नागरिकांची कर्तव्यं आहेत, त्यांत प्राणिमात्रांविषयी दया हेही एक आहे. परीक्षेला पाठ करता, माहीत आहे मला.

शेवटी एक कडू गोष्ट, आणि मग चहा. बकरी ईद आता काही वर्षं मे महिन्यात, उन्हाळ्यातच येणार आहे. कुर्बानीनंतर आतडी, कातडीचे तुकडे, हाडं उघड्या गटारात, मोकळ्या प्लॉटवर टाकली जातात. ४३ अंशात ते चार तासांत सडतं. वास येतो, तीन मोहल्ल्यांतली कुत्री तिथे गोळा होतात, त्यांची भांडणं लागतात, आणि मग त्यातलंच एखादं लेकराच्या मागे लागतं. ती कुत्री आपणच बोलावलेली असतात. इतर लोक काय म्हणतील ते सोडा, आपल्याच गल्लीसाठी हे थांबवायला हवं. गेल्या ईदला आमच्या मुलांनी प्रत्येक घरी दोन जाड पिशव्या वाटल्या आणि घंटागाडी येईपर्यंत एका घरच्या अंगणात सगळं झाकून गोळा केलं. पहिल्या दिवशी निम्म्या घरांनी पिशव्या वापरल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी वापरल्या.

मागच्या टेबलावर वीस परळ आहेत. फुकट नाहीत, कुंभाराला पैसे द्यायचे आहेत, डब्यात टाका. ज्यांच्या गल्लीत कुत्र्यांची मोजणी व्हायची आहे त्यांनी कागदावर गल्लीचं नाव आणि स्वतःचा नंबर लिहून ठेवा. येत्या रविवारी सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, पशुवैद्य आमच्या पलीकडच्या गल्लीत येणार आहेत. मला चार मुलं हवी आहेत, न घाबरणारी. दोन मुली आधीच तयार झाल्यात, तेव्हा मुलांनी आपलं बघावं.